मुंबईचा ताप गावी येतो तेव्हा

शिराळा तालुक्यात ज्या घरातला एकही माणूस मुंबईला नाही, असे घर शोधावे लागेल. आपल्या वस्त्यांत तर मुळीच नाही. पूर्वी गिरणी आणि गोदी होती. आता महानगरपालिकेची सफाई, माथाडी, वॉचमन, कुरिअर. ही माणसे पावसाळ्यात दोन-चार दिवस गावी येतातच. कोणी नागपंचमीला, कोणी भात लावणीला, कोणी विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमाला. त्यातला एखादा ताप घेऊन येतो. एसटीत भिजला असेल, पाणी बदलले असेल, असे म्हणत घरचे काढा देतात, मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणतात आणि दोन-तीन दिवस निघून जातात. हेच दोन-तीन दिवस महत्त्वाचे असतात, म्हणून आम्ही या वेळी त्यावरच लिहीत आहोत.

मुंबईत पाणी तुंबले की रस्ता, गटार आणि उंदरांची बिळे एक होतात. उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू त्या पाण्यात मिसळतात. पायाला खरचटलेले असेल, टाचेला भेग असेल, बोटांमध्ये चिखल्या झाल्या असतील, तर जंतू तिथून शरीरात जातात. नुसती कातडी फार वेळ भिजून मऊ पडली तरी त्यांना वाट मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. पाणी ओसरल्यावर पुढच्या आठवड्यांत लेप्टोची मोठी साथ आली आणि त्यात बरीच माणसे दगावली.

यातली मेख अशी की, जंतू शरीरात गेल्यावर ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवस जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे कुर्ल्याला सोमवारी पाण्यातून चाललेला माणूस पुढच्या आठवड्यात शिराळ्यात फणफणतो. तोवर ते पाणी त्याच्या ध्यानातही नसते. सुरुवातीची लक्षणे साध्या तापासारखीच असतात: थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी. पण पोटऱ्या आणि कंबर विशेष ठणकतात, हात लावू देत नाहीत. डोळे लाल होतात. पुढे डोळे पिवळे पडणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे ही धोक्याची लक्षणे. तिथपर्यंत थांबूच नये. सुरुवातीला ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे जायबंदी होतात.

आणि तो टाळताही येतो. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर २४ ते ७२ तासांत डॉक्सिसायक्लिन घ्यावी, असे मुंबई महानगरपालिका पावसाळ्यात सांगत असते. ही गोळी पालिकेच्या दवाखान्यात मिळते. एकदाच चालला आणि जखम नसेल तर २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखम असेल तर रोज एक याप्रमाणे तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरावे लागत असेल तर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालील मुलांना ही गोळी चालत नाही, त्यांचे औषध वेगळे आहे. म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये.

वारंवार पाण्यात उतरणारे म्हणजे कोण, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. नाल्यातला गाळ काढणारे, मॅनहोलपाशी उभे राहणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे. त्यातले बरेच कंत्राटी. गमबूट मिळाले तर फाटलेले, हातमोजे नावापुरते. संरक्षक साधनांशिवाय गटार साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. आपला मुलगा या कामावर असेल तर पगाराबरोबर गमबूट आणि आठवड्याची गोळी मिळते का, हेही फोनवर विचारत जा.

उंदरांपासून येणारे आजार मुंबईतून गावाकडे येणे आपल्याला नवे नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसे शहर सोडून पळाली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही पसरला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीमाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. त्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहिले, ती याच ट्रस्टची.

डेंग्यूचे वेगळे आहे. त्याचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ‘पाणी साठवू नका’ असे फलकावर लिहिणे सोपे. ज्या चाळीत तासभरच नळ येतो तिथे पिंप भरल्याशिवाय कसे भागेल? मग पिंपाला कापड घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. नुसते पाणी ओतून उपयोग नाही. डासाची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. कडा घासूनच काढावी लागते. गावकीच्या खोलीत दहा-बारा जण राहत असतील तर घासायची पाळी लावून घ्यावी, नाहीतर ते काम कोणाचेच नसते.

तापात अंगदुखीची गोळी घेण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो, लेप्टोत मूत्रपिंडांवर ताण येतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत ताप उतरल्यावरही दोन दिवस लक्ष ठेवावे. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे हे बहुधा तेव्हाच सुरू होते. व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर चौदा दिवसांची गोळी दिली जाते. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडली तर ताप पुन्हा उलटतो.

जुलाब-उलट्यांबद्दल थोडक्यात: पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सतत पाजा, चमचा चहाचा. जुलाबाने आजारी पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले, ही विनयातील कथा वर्षावासात पुष्कळ विहारांत सांगितली जाते.

गावी आलेल्या तापाच्या माणसाला सरकारी दवाखान्यात नेताना डॉक्टरांना न विचारताच सांगावे: मुंबईहून कधी आला, गेल्या महिन्यात तुंबलेल्या पाण्यातून चालला का, पायाला जखम होती का आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या. जो मुंबईला गेलेलाच नाही पण भाताच्या चिखलात आठ दिवस उभा राहून लावणी करत होता, त्याच्या तापालाही चिखलाबद्दल असेच सांगावे. उंदीर शेतातही आहेत, जंतू तेच आहेत.