गळाला काय लावावे?

दोघे जण एकाच डोहावर गळ टाकून बसतात. संध्याकाळी एकाच्या पिशवीत तीन-चार मासे असतात. दुसरा रिकाम्या हाताने घरी जातो. घरी चूल पेटलेली असते. पोरे कालवणाची वाट पाहत असतात. मग तो म्हणतो, "आज नशीबच नव्हतं!"

यात नशिबाचा भाग थोडा. खरी गोष्ट आमिषाची आहे. गळाला जे खाणे टोचतो, त्याला आमिष म्हणतात. आपल्याला काय आवडते, ते माशाला काय ठाऊक? त्याला त्याचे खाणे हवे. ते ओळखले, तर विकतचे काही आणावे लागत नाही. सगळे घरातच सापडते.

आधी माशाचे तोंड पाहा

बाजारात मासा दिसला, की त्याचे तोंड नीट पाहा. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते. तो तळाशी चरतो. रोहू बहुधा मधल्या थरात असतो. हे तिन्ही मासे मूळचे गंगेकडचे. आता आपल्या तळ्यांत आणि धरणांतही त्यांची पिले सोडतात. रोहू आणि मृगळ यांना पिठाचा गोळा चालतो. कटला पाण्यातले अगदी बारीक जीव खातो. म्हणून त्याच्यासाठी गोळा मऊ, हळूहळू विरघळणारा हवा.

मरळ आणि मिशांचा शिंगटा हे मांस खाणारे मासे. त्यांना कणकेचे काय? त्यांना गांडूळ, झिंगा किंवा कोंबडीचे आतडे लावावे. शिंगटा अंधारात वासावर खाणे शोधतो. म्हणून तो दिवस मावळल्यावर चांगला लागतो.

चिलापी मात्र खाण्यात फार निवड करीत नाही. हा आफ्रिकेकडचा मासा 1952 साली आपल्या देशात आणला. उजनी धरणाच्या पाण्यात तो पुष्कळ आहे. तो गांडूळही खातो आणि कणीकही खातो. नवशिक्याने आधी चिलापीवरच हात बसवावा.

कणकेचा गोळा कसा करावा?

दोन मुठी कणीक घ्या. एक मूठ शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून घ्या. सुपारीएवढा गूळ थोड्या पाण्यात विरघळवा. सगळे एकत्र करून घट्ट मळा. पोळीच्या कणकेपेक्षा हा गोळा घट्ट हवा. मळताना कापसाची थोडी पिंजलेली बोंडे त्यात मिसळा. कापसाच्या धाग्यांमुळे गोळा गळाला धरून राहतो.

आता परीक्षा घ्या. तांब्यात पाणी घेऊन हरभऱ्याएवढी गोळी त्यात टाका. थोड्या वेळाने पाहा. लगेच विरघळली, तर आणखी पीठ घाला. दगडासारखी राहिली, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, म्हणजे वाळणार नाही. लहान माशाला हरभऱ्याएवढी गोळी लावा, मोठ्याला बोराएवढी.

कावेरी नदीवर मोठ्या माशासाठी नाचणीच्या पिठाचा गोळा करण्याची रीत आहे. पीठ घट्ट मळतात आणि गोळा पाण्यात उकडून घेतात. तो बाहेरून चिवट होतो. बारीक मासे त्याला टोचे मारून संपवू शकत नाहीत. आपल्याकडे नाचणी पिकते तिथे हे करून पाहावे.

गांडूळ कसे ठेवावे?

उकिरड्याजवळच्या ओल्या मातीत गांडुळे सापडतात. भोके पाडलेल्या डब्यात ओली माती आणि पाला घालून ती सावलीत ठेवा. उन्हात ठेवली, तर मरतात. गळाला ओवताना शेपटीकडचा भाग मोकळा सोडा. तो वळवळला, की मासा धावतो. पण गरजेपुरतीच गांडुळे काढा. तीच आपली जमीन भुसभुशीत करतात. बेडूक मात्र लावू नका. तो शेतातले किडे खातो.

हात स्वच्छ हवेत

एका मुलाने मामाला विचारले, "मामा, पीठ तेच, गळ तोच. मग माझ्या गळाला मासा का येत नाही?"

मामा म्हणाले, "अरे, तू तंबाखू मळलीस आणि त्याच हातानं कणीक मळलीस. माशाला वास कळतो रे!"

तंबाखूचा, रॉकेलचा किंवा साबणाचा वास लागलेल्या हाताने आमिष करू नका. आधी हात मातीने चोळून धुवा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा तर मुळीच वापरू नका. त्यातले विष आमिषात उतरेल, आणि तुमच्या हातालाही लागेल.

झटपट मासे? नको रे बाबा!

काही जण म्हणतात, "गोळे कशाला करता? डोहात औषध टाका, टोपलीभर मासे वर येतील." हे ऐकू नका. विषाने मोठ्याबरोबर बारीक पिलेही मरतात. पुढे त्या डोहात कोणाच्याच गळाला काही लागत नाही. तेच पाणी गुरे पितात. तेच पाणी बाया घरी नेतात. असले मासे पोरांच्या ताटात वाढणार का? विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा 1897 सालच्या कायद्यानेच गुन्हा ठरवला आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात. पोट फुगलेली मादी लागली, तर तिला पाण्यात सोडा. एक मादी सोडली, तर पुढे पुष्कळ पिले होतात. दुसरे, धरणातले आणि तळ्यातले मासे पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतात. तिथे आधी विचारून मगच गळ टाका.

मूठभर पीठ, थोडी पेंड, स्वच्छ हात आणि धीर, एवढेच भांडवल पुरे. डोह जिवंत राहिला, तर उद्याही कालवण मिळेल, आणि आपल्या नातवंडांनाही मिळेल.