हरलेल्यांसाठी राखीव खुर्च्या

विरोधी पक्षाचा एकही माणूस नसलेली संसद कधी ऐकली आहे? सिंगापूरमध्ये होती, आणि ती तब्बल तेरा वर्षं चालली. १९६८, १९७२, १९७६ आणि १९८० अशा ओळीने चार निवडणुकांत सगळ्याच्या सगळ्या जागा पीपल्स ॲक्शन पार्टीने, म्हणजे पीएपीने, खिशात घातल्या. हा पक्ष १९५९ पासून आजतागायत सत्तेत आहे. मग ‘निवडणुकीत काय बोलला होतात, आठवतंय का?’ असं सरकारला तोंडावर विचारणार तरी कोण?

उत्तर मिळालं ३१ ऑक्टोबर १९८१ ला. ॲन्सनचे खासदार देवन नायर राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे तिथे पोटनिवडणूक लागली आणि वर्कर्स पार्टीचे वकील जे. बी. जयरत्नम ६५३ मतांनी निवडून आले. पंचाहत्तर जणांच्या सभागृहात एकटे! पण त्या एकट्या माणसाने सत्ताधाऱ्यांची झोप उडवली.

खरी गंमत पुढेच आहे. १९८४ मध्ये ली क्वान यू यांच्या सरकारने घटनाच बदलली. कशासाठी? निवडणुकीत हरलेल्या विरोधकांना संसदेत बसवण्यासाठी! विरोधकांचे तीनपेक्षा कमी लोक निवडून आले, तर पडलेल्यांपैकी ज्यांना सर्वांत चांगली मतं मिळाली त्यांना बोलावून खुर्ची द्यायची, अशी ही योजना. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पक्षातल्या तरुण मंत्र्यांनी विरोधक कधी पाहिलेच नव्हते, तेव्हा त्यांना वादाचा सराव व्हायला हवा! विरोधकांना अर्थातच यात खिरापतीचा वास आला. त्या वर्षी देऊ केलेली खुर्ची घ्यायला कोणी तयार झालं नाही.

तरी योजना टिकली आणि वाढली. आज हिशेब सरळ आहे: बारातून निवडून आलेले विरोधक वजा करा, उरतील तितक्या खुर्च्या हरलेल्यांना. २०१७ पासून त्यांना मतदानाचेही पूर्ण अधिकार आहेत. मे २०२५ च्या निवडणुकीत ९७ पैकी ८७ जागा पीएपीला आणि १० वर्कर्स पार्टीला मिळाल्या. मग वर्कर्स पार्टीच्याच दोन पराभूतांना आत घेऊन बारा भरले.

आता १९९१ ची करामत पाहा. मतदारांची अडचण विरोधकांनी नेमकी ओळखली होती. लोकांना विरोधक हवा होता, पण सरकार बदलायला नको होतं. मग विरोधकांनी काय केलं? ८१ जागांपैकी ४१ जागांवर अर्जच भरला नाही! अर्ज भरण्याच्या दिवशीच पीएपीचं बहुमत पक्कं. म्हणजे जेवणाची सोय झालेलीच आहे, आता लोणचं कुठलं वाढू तेवढं सांगा. मतदारांनी चार जागा विरोधकांना देऊन टाकल्या. सत्ता सोडून देऊन जागा मिळवायच्या, हे डोकं कुणाचं? पोतोंग पासिरचे विरोधी खासदार चियाम सी तोंग यांचं. त्याच निवडणुकीत हौगांगमधून वर्कर्स पार्टीचे लो थिया खियांग आले.

या दोन मतदारसंघांत आश्वासनाचं वेगळंच रूप बघायला मिळालं. सरकारी इमारतींची दुरुस्ती आणि नव्या लिफ्ट यांचा नंबर कुठे आधी लावायचा, याचा संबंध सरकारने मतांशी जोडला होता. २००६ मध्ये तर आकडाच जाहीर झाला: हौगांगला १० कोटी आणि पोतोंग पासिरला ८ कोटी सिंगापूर डॉलरची कामं, फक्त पीएपीला निवडून द्या. दोन्ही ठिकाणी लोकांनी विरोधकच निवडले. त्यातही एक खोच अशी, की विरोधकांच्या मतदारसंघात शासकीय लोकसंघटनांचा सल्लागार म्हणून सरकार पीएपीच्या पडलेल्या उमेदवाराला नेमतं. निवडून आलेला खासदार इमारतीखालच्या मोकळ्या जागेत टेबल टाकून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो आणि वस्तीसुधारणेच्या प्रस्तावांची वाट मात्र हरलेल्या उमेदवाराच्या दारावरून जाते!

हे सगळं असताना दहा-बारा लोक करणार काय? मतदानात ते जिंकूच शकत नाहीत. त्यांच्या हातात एकच गोष्ट उरते: सरकारचंच वाक्य.

जीएसटीचं प्रकरण घ्या. आपल्याकडे हा कर २०१७ ला आला. सिंगापूरकर तो १९९४ पासून भरताहेत. सुरुवात ३ टक्क्यांनी झाली. मे २००६ मध्ये निवडणूक झाली आणि त्याच नोव्हेंबरात सरकारने दर ५ वरून ७ वर नेणार म्हणून सांगितलं. तेव्हापासून निवडणूक आली की लोक कान टवकारतात. २०१५ हे निवडणुकीचं वर्ष. त्या वर्षी तेव्हाचे अर्थमंत्री थर्मन षण्मुगरत्नम यांनी सांगितलं, की केलेल्या तरतुदी दशक संपेपर्यंतच्या खर्चाला पुरतील. लोकांनी ते वाक्य लक्षात ठेवलं.

१९ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली: जीएसटी ९ टक्के होणार, पण २०२१ ते २०२५ च्या दरम्यान केव्हातरी. १ मार्चला वर्कर्स पार्टीच्या सिल्व्हिया लिम उठल्या आणि म्हणाल्या, मला शंका येते. सरकारला दर लगेच वाढवायचा होता, चाचपणीही झाली, पण लोकांनी जुनं वाक्य काढून दाखवल्यामुळे हात आखडावा लागला. झालं! दोन ज्येष्ठ मंत्री तिथेच तुटून पडले. आठवड्याने, ८ मार्चला, सभागृह नेत्या ग्रेस फू यांनी माफीची मागणी केली. आपली शंका चुकीची असू शकेल, हे लिम यांनी मान्य केलं; पण शंका विचारणं हे खासदार म्हणून माझं कामच आहे, असं सांगून माफी मागायला नकार दिला.

त्यांची शंका खरी होती, असं म्हणता येत नाही; सरकारने ती ठामपणे नाकारली. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. प्रचंड बहुमत असलेलं सरकार आठवडाभर झगडलं, ते करासाठी नव्हे. आपण शब्द पाळला की नाही, याची नोंद काय राहील यासाठी! पुढे करोना आला, वाढ लांबली. नोव्हेंबर २०२२ मध्ये विधेयक आलं तेव्हा वर्कर्स पार्टीने विरोधात मतं दिली. ते मंजूर झालंच. १ जानेवारी २०२३ ला ८ टक्के आणि १ जानेवारी २०२४ ला ९ टक्के. दशक संपेपर्यंत मात्र दर ७ वरच राहिला.

आणि विरोधी पक्षनेता? सिंगापूरला हे पद औपचारिकपणे मिळालं २०२० मध्ये. दहा जागा जिंकलेल्या वर्कर्स पार्टीच्या प्रीतम सिंग यांना तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी ते दिलं: कार्यालय, मदतनीस, खासदाराच्या दुप्पट भत्ता आणि मंत्र्यांइतका बोलायचा वेळ. आपल्या विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ पैकी एक दशांश जागा एकाही विरोधी पक्षाकडे नव्हत्या आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली, हे आठवलं की सिंगापूरचा दिलदारपणा डोळ्यांत भरतो. पण या पदामागे कायदा नाही. ज्यांना जाब विचारायचा, त्यांच्याच हातात ते देणं आणि काढणं. संसदीय समितीसमोर खोटं बोलल्याबद्दल सिंग यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं, डिसेंबरात अपीलही फेटाळलं गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी ते पद काढून घेतलं. वर्कर्स पार्टीने दुसरं नाव सुचवलं नाही.

प्रश्न विचारायला मात्र हे पद लागत नाही. सात दिवस आधी सूचना द्यायची. एका बैठकीसाठी पाच प्रश्न, त्यांतले तीन तोंडी उत्तरासाठी. हा अधिकार प्रत्येक खासदाराला आहे, हरून आत आलेल्यालासुद्धा.