जुन्या संगणकाला नवा ताणा

आमच्या मालेगावात यंत्रमाग अडला की मालक कारखानदाराला पत्र लिहीत बसत नाही. मिस्त्री येतो, माग उघडतो, दुरुस्त करतो आणि जमलं तर आपली एखादी सुधारणाही करून जातो. संगणकाच्या जगातही अशी उघडी व्यवस्था आहे. तिला मुक्तस्रोत म्हणतात.

संगणकाचा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. त्यावर पुढे २००४ साली उबुंटू, २००६ साली मिंट अशा प्रणाली उभ्या राहिल्या. आपल्या सी-डॅकनंही ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली. या प्रणाली फुकट मिळतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या उघडून पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे सुरक्षेचे नियमित अपडेट थांबले. माझा जुना संगणक पुढची आवृत्ती घेईना. भंगारात घालावा, तर मन होईना. भाचा म्हणाला, ‘‘मामू, मिंट टाकून बघू या.’’

मिंटला किमान दोन जीबी मेमरी लागते, चार असली तर बरं. दुसऱ्या संगणकावर तिची आयएसओ फाइल उतरवून घ्यायची आणि रूफससारख्या साधनानं आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं. मग संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. यातली सोय अशी, की काहीही न बसवता प्रणाली नुसती चालवून पाहता येते. आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का ते इथंच तपासावं. केवळ विंडोजसाठी बनलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानदारानं तर आधी चौकशी करावीच.

मला सगळं पसंत पडलं आणि मी उत्साहात ‘डिस्क पुसून बसवा’ या पर्यायाकडे वळलो. भाच्यानं हात धरला. ‘‘मामू, तुमच्या कविता?’’ पंधरा वर्षांच्या कविता त्याच डिस्कवर होत्या! त्यांची दुसरी प्रत नव्हती. आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, त्या उघडतात का ते पाहिलं, मगच पुढं गेलो. नवशिक्यानं एवढा एक नियम गाठीला बांधावा.

पुढची हौस आपापली. मी अक्षरं मोठी केली, खालची पट्टी वर नेली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि उर्दू फोनेटिक असे दोन्ही आराखडे जोडले. जुन्या फॉन्टमधल्या काही कविता मात्र नुसत्या खुणांसारख्या दिसू लागल्या. त्या युनिकोडमध्ये आणण्याचं काम अजून चालू आहे.

आता लिब्रेऑफिसच्या एकाच पानावर डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू लिहितो. दोन्ही ओळी पानाच्या मध्यावर भेटतात. माग जुनाच आहे. ताणा तेवढा नवा लावला.