सुप्रभातम् अर्ध्यावर थांबवू नका

तिरुपतीच्या बालाजीला जागवणाऱ्या व्यंकटेश सुप्रभातम्‌चा पहिला श्लोक बालाजीला उद्देशून नाही. तो वाल्मीकी रामायणाच्या बालकांडातून घेतला आहे. यज्ञाच्या रक्षणासाठी विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन निघाले होते. राजवाड्यात वाढलेली ही मुलं त्या रात्री शरयूकाठी गवताच्या अंथरुणावर झोपली. पहाटे ऋषींनी रामाला उठवलं, कारण आन्हिक उरकून पुढं जायचं होतं. कर्तव्यासाठी मारलेली ती हाक सप्तगिरीच्या देवाच्या, म्हणजे बालाजीच्या, दारी आली.

ती आणली पंधराव्या शतकात हे सुप्रभातम् रचणाऱ्या प्रतिवादी भयंकरम् अण्णन यांनी. श्रीवैष्णव आचार्य मनवाळ मामुनी यांचे ते शिष्य. देवाला पहाटे गाऊन उठवण्याची रीत तमिळ देशात त्याआधीच रुजलेली होती; श्रीरंगमच्या रंगनाथासाठी संतकवी तोंडरडिप्पोडी आळ्वारांनी असंच पद रचलं होतं. आपल्या भूपाळ्या आणि पंढरपूरचा काकडा याच भावाचे.

अण्णन यांची पहाट मला फार मोहवते. सप्तर्षी संध्या आटोपून आकाशगंगेतली कमळं घेऊन आले आहेत. बृहस्पती पंचांग वाचतो आहे. कमळात रात्रभर अडकलेले भुंगे सुटले आहेत, पिंजऱ्यातले पोपट उष्टी केळी आणि पायस खाऊन गात आहेत, गवळणी ताक घुसळत आहेत. पोपटापासून ऋषींपर्यंत सगळे एकाच दारात उभे, हे या स्तोत्राचं खरं वैभव.

१९६३ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींची ध्वनिमुद्रिका आली आणि तिरुमला इथल्या बालाजीच्या गाभाऱ्यासमोरचं हे गायन घरोघरी पोचलं. तिरुमलाला मात्र धनुर्मासात (डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत) सुप्रभातम् थांबतं. त्या महिन्यात संतकवयित्री आंडाळचं तिरुप्पावै हे तमिळ काव्य म्हणतात.

पण जागवण्याचे २९ श्लोक ही केवळ सुरुवात. पुढं स्तोत्राचे ११, शरणागतीच्या प्रपत्तीचे १६ आणि मंगलाशासनाचे १४ श्लोक आहेत. मंगलाशासनात भक्त देवाकडं काही मागत नाही, उलट देवाचंच मंगल चिंतितो. आईनं लेकराची दृष्ट काढावी तशी ही माया आहे. शरणागतीनंतर भक्ताला एवढा अधिकार मिळतो, ही श्रीवैष्णव परंपरेची मोठी देणगी. म्हणून पहाटे सुप्रभातम् लावाल तेव्हा २९ श्लोकांवर थांबू नका. मंगलाशासन संपेपर्यंत ऐका.