प्रतिध्वनीचे अर्थकारण

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमसारख्या औद्योगिक शहरात एखाद्या साध्या पबमध्ये शनिवारी रात्री ‘ट्रिब्यूट बँड’ ऐकण्यास जमणारा समुदाय पाहिला, तर कलेविषयीच्या काही रूढ समजुती तपासून घ्याव्या लागतात. असा बँड स्वतःची गाणी वाजवीत नाही; एखाद्या नामांकित बँडची गाणी, वेश व हावभावांसह, शक्य तितकी हुबेहूब सादर करतो. कोपऱ्यातील चिंचोळ्या जागेत चौघे वादक दाटीने उभे असतात, ध्वनिवर्धकांच्या आवाजाने पेले थरथरतात आणि केस पिकलेला कामगार व त्याचा विशीतला मुलगा एकाच सुरात ओरडतात. ‘ही तर नक्कल,’ असे म्हणून रसिक नाक मुरडतो. परंतु हा निवाडा घाईचा आहे.

हेवी मेटल हे मुळात याच शहरातील कामगारवस्तीचे अपत्य. ॲस्टन भागातील चार तरुणांनी १९६८ मध्ये ब्लॅक सॅबथ हा बँड उभा केला. गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती. बोटांवर प्लास्टिकची टोपणे चढवून आणि तारा सैल करून त्याने वादन चालू ठेवले. त्या सैल तारांतूनच पुढे या संगीताचा जड, खर्जातील नाद घडला. ५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्क मैदानावर या चौघांचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला गायक ऑझी ऑस्बोर्न यांचे निधन झाले. मागणी उरली, पुरवठा संपला. ती पोकळी ट्रिब्यूट बँड भरतो. गीतकार-संगीतकारांना मानधन मिळण्याची कायदेशीर व्यवस्था असल्याने यास चोरीही म्हणता येत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. चौघांचे वादन तिघांत उरकता येत नाही. म्हणून इतर उद्योगांच्या तुलनेत सादरीकरणाच्या कलांचा खर्च सतत वाढत जातो, हे बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखविले. खर्चाने गांजलेला पबमालक साहजिकच जोखीम टाळतो. परिचित गाण्यांना गर्दी होते, नव्या बँडची खात्री नसते. परिणामी कालचे संगीत उद्याच्या संगीताची जागा अडविते.

तथापि अनुकरण ही शिक्षणाचीही पायरी असते. ब्लॅक सॅबथनेही प्रारंभी इतरांचे ब्लूज वाजविले होते, आणि जुडास प्रीस्टने १९९६ मध्ये आपला नवा गायक ट्रिब्यूट बँडमधूनच निवडला. प्रश्न रंगमंच टिकण्याचा आहे. ब्लॅक सॅबथ आरंभी जेथे वाजवीत असे तो ‘द क्राउन’ पब २०१४ मध्ये बंद पडला. २०१२ च्या कायद्याने लहान जागांतील संगीतास परवान्याच्या जाचातून बरीच सूट दिली. परंतु परवाना सुटला म्हणून भाडे सुटत नाही. मोठ्या मैफलींच्या तिकिटांवर ऐच्छिक आकारणी करून छोट्या रंगमंचांस साहाय्य द्यावे, अशी शिफारस ब्रिटिश संसदीय समितीने २०२४ मध्ये केली. ती योग्यच आहे. मात्र तीस एक अट जोडावी. साहाय्य घेणाऱ्या पबने महिन्यातील काही रात्री स्वतःची गाणी रचणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. प्रतिध्वनीच्या मिळकतीतून नव्या ध्वनीचे भाडे भरले गेले, तरच पन्नास वर्षांनी अनुकरण करण्याजोगे काही उरेल.