उडणारा साप खरंच उडतो का?

पावसाळ्यात हॉस्टेलमागच्या लिंबावर एखादा लांबडा, सडपातळ साप दिसला की कोणीतरी ओरडतंच, "उडता साप! टाळूवर येऊन मारतो!" मग काठ्या निघतात, दगड निघतात. म्हणून हा लेख. उडणारे साप जगात आहेत, पण निलंग्यात नाहीत. लिंबावरचा तो बिचारा वेगळाच कोणी असतो.

खऱ्या उडत्या सापाचं मराठी नाव उडता सोनसर्प. तो बघायचा तर गोव्याकडे, सह्याद्रीच्या जंगलात जावं लागेल. श्रीलंका आणि आग्नेय आशियातही तो आहे. आपल्याकडे जंगल नावालाच, मोठी झाडं बांधावर एकेकटी, त्याचं इथं भागायचं नाही. लांबी साधारण १ मीटर, रंग पिवळसर हिरवा, खवल्यांना काळी किनार. हा दिवसा फिरतो. पाली, सरडे, बेडूक, कधी वटवाघूळही खातो. विष सौम्य आणि विषाचे दात जबड्यात पार मागे, त्यामुळे माणसाच्या जिवाला धोका नाही. पोटाच्या खवल्यांना दोन्ही बाजूंनी कड असते. ती सालीच्या खाचांत रोवत हा गडी सरळसोट खोड चढून जातो.

आता मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्या. 'उडतो' म्हणजे तरंगत खाली येतो. पाखरासारखं वर जाणं त्याला जमत नाही. फांदीवरून लोंबकळत तो अंगाचा पुढचा भाग इंग्रजी 'जे' सारखा वळवतो आणि झटक्याने स्वतःला हवेत फेकतो. लगेच फासळ्या बाजूला पसरतात, अंग चपटं होऊन रुंदी जवळजवळ दुप्पट होते, आणि पोटाकडून ते किंचित खोलगट बनतं. म्हणजे अख्खा सापच पंख!

पण असला पंख चालतो कसा? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले जेक सोचा बरीच वर्षं याच्यामागे आहेत. त्यांचा अभ्यास मुख्यतः सोनसर्पाच्या आग्नेय आशियातल्या भाऊबंदावर आहे. २०१४ च्या एका प्रयोगात या सापाच्या आडव्या छेदाचं मॉडेल वाहत्या पाण्यात ठेवलं, तर सगळ्यात जास्त लिफ्ट मिळाली ती ३५ अंशांच्या कोनात. विमानाचा साधा पंख १५ अंशांच्या आसपासच स्टॉल होतो, हे आपण पुस्तकात वाचलेलं आहे.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हा साप हवेतही जमिनीवर सरपटल्यासारखा वळवळत राहतो. ही नुसती सवय असेल का? २०२० मध्ये सोचांच्या टीमने सापांच्या अंगावर चमकणारे ठिपके चिकटवून त्यांना एका मोठ्या हॉलमध्ये ८.३ मीटर उंचीवरून उडू दिलं आणि कॅमेऱ्यांनी हालचाल टिपली. अंगातून एक लाट आडवी जाते, दुसरी वर-खाली. आडवी एकदा होते तोवर उभी दोनदा. मग कॉम्प्युटर मॉडेलमध्ये वळवळ बंद करून पाहिली, तर साप हवेतच कलंडला. म्हणजे त्याची स्टॅबिलिटी या वळवळण्यातच आहे. ना शेपटीला फिन, ना कंट्रोल सरफेस!

आता आपला लिंबावरचा पाहुणा. तो बहुतेक वेळा रुखई असतो. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला कोब्रा आणि पायथन एवढेच माहीत होते, रुखई हा शब्द मला हॉस्टेलवर मिळाला.) पाठ तांबूस तपकिरी, अंग सुतळीसारखं, चपळ आणि पूर्ण बिनविषारी. गंमत म्हणजे रुखई ही सोनसर्पाची जवळची नातलग. ती तरंगत नाही, पण या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते. अफवेला एवढाच काय तो आधार. टाळूबिळू फोडायचं तिच्या डोक्यातही नसतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं गुन्हा आहे, हे काठ्या काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घाबरायचंच असेल तर मण्यारला घाबरा. ती रात्री जमिनीवर फिरते, आणि उन्हाळा-पावसाळ्यात आपण गाद्या खालीच टाकतो. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका, आणि साप कोणता ते कळत नसेल तर हात न लावता लांब उभं राहून सर्पमित्राला बोलवा. रुखईसाठी तेवढंही लागत नाही. वाट मोकळी सोडली की ती आपोआप शेंड्याकडे निघून जाते.