ऑपरेशनच्या आधीचे कागद

अंतर्गळ झाला, म्हणजे हर्निया झाला, की डॉक्टर म्हणतात, "ऑपरेशन करावे लागेल." मग कागद सुरू होतात. केसपेपर, रक्ताची आणि लघवीची तपासणी, हृदयाचा आलेख, कधी छातीचा फोटो. आपल्याला वाटते, दुखणे पोटाचे, मग छातीचा फोटो कशाला? पण भूल द्यायची असते ना! भुलेचा भार छातीवर आणि हृदयावर पडतो. ती आधीच कच्ची असतील तर डॉक्टरांना कळायला नको का? रक्तात साखर जास्त असली, तर जखम भरायला वेळ लागतो.

जुने कागद घरी पेटीत ठेवू नयेत. बरोबर न्यावेत. गोळ्यांची पाकिटेही न्यावीत. काही लोक हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ती डॉक्टरांना सांगितली नाही, तर ऑपरेशनच्या वेळी रक्त लवकर थांबत नाही. मात्र ती आपल्या मनाने बंदही करू नये. एखादे औषध सोसत नसेल, तंबाखू-दारूची सवय असेल, तर तेही सांगावे. तिथे लाज धरून चालत नाही.

सगळ्यांत मोठा कागद संमतीपत्राचा. आपण त्यावर घाईने अंगठा उठवतो. आता आपल्याला वाचता येते, तर आधी वाचू या. कोणते ऑपरेशन, कोणत्या बाजूला, धोका कोणता, दुसरा उपाय आहे का, हे विचारावे. जागा कोरी असेल तर सही करू नये. कागद इंग्रजीत असेल, तर "मराठीत समजावून सांगा" म्हणावे.

सही कोणाची? रोगी १८ वर्षांचा झालेला आणि शुद्धीवर असेल, तर त्याची स्वतःची. बाई असली तरी तिचीच. दिल्लीत एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली होती. त्या भुलेत असताना आईची सही घेऊन त्यांचे गर्भाशय काढले. जिवावर बेतले नव्हते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे, आणि आईची सही इथे चालणार नाही. जीव वाचवण्याची घाई असेल, तेव्हा मात्र डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत.

सही केल्यावर मन बदलले, तरी भूल देण्याआधी "नको" म्हणता येते. सरकारी योजनेतून ऑपरेशन असेल, तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. दोन्हींवरचे नाव सारखे आहे का, ते घरूनच पाहून निघावे.